तो त्रिपोलीतच होता

त्रिपोली, लेबनॉन
५ नोव्हेंबर १९९३

प्रिय भाऊ मिस्बाह,

सलाम. मी सुखरूप घरी पोहोचले. खिद्रकाकी लेकीच्या बाळंतपणासाठी तिकडे ट्युनिसियात स्फॅक्सलाच राहिली, त्यामुळे खिद्रकाकांच्या बोटीवरून एकटीच परत आले. समुद्र फार खवळलेला होता. बोटीवरची माणसं जेवायला बोलवत होती आणि मी कठड्याला धरून बसले होते. खिद्रकाका म्हणाले, तांबटाच्या घरातल्यांना जमिनीवरच राहू द्यावं.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण नमाज खाली बसूनच पढते, खुर्ची दिली तर रागावते. संत्र्यांच्या बागा अजून हिरव्याच आहेत, यंदा फळाला रंग उशिरा चढणार. दुकान चालू आहे. कारागीर कुणी उरला नाही, मी तयार भांडी घेते, कल्हई करून घेते आणि चकाकी मात्र स्वतः आणते. तोंडाला फडकं बांधते. बाबांनी कधी बांधलं नाही, त्याचं काय झालं ते तूही पाहिलंस. तुझ्या दुकानात चकाकीच्या पुडीचा ढग उठला होता आणि तू उघड्या तोंडानं चाकावर वाकला होतास. बोलले नाही, कारण बोलायला दुसरं बरंच होतं. पण फडकं बांध.

तुझ्या दुकानात ती पूड पोत्यांनी पाहिली. इथे आमच्याकडे डब्यांतून येते, वर परदेशी अक्षरांत 'त्रिपोली' लिहिलेलं. बाबांना कितीतरी वर्षं वाटायचं की आपल्याच शहराचं नाव आहे. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की ते नाव तिकडच्या, तुझ्या लिबियातल्या त्रिपोलीवरून पडलंय, तेव्हा बाबा चार दिवस खट्टू होते. तेच आठवलं तुझ्या बाजारात शिरताना. दोन्हीकडे त्रिपोली, दोन्हीकडे तांबट बाजार, दोन्हीकडे तोच ठणठणाट. तू फार लांब गेलासच नाहीस म्हणायचं.

मी तुला मिनारावर बसवायची पितळी चंद्रकोर घासताना पाहिलं. दारात उभी राहिले. तू मान वर केलीस. दहा वर्षांनी बहीण दारात उभी, आणि तुझ्या तोंडून पहिला शब्द काय आला, आठवतो? "बरोबर कोण आहे?" आई जिवंत आहे का, हे तू चहा आल्यावर विचारलंस.

जाऊ दे. भांडायला लिहीत नाही.

मबरुका चांगली बाई आहे. तू तिला मी गावाकडची चुलत बहीण म्हणून सांगितलंस, तिनं ते खरं मानलं आणि मला सख्ख्या नणंदेसारखं जेवू घातलं. ते तिखट सूप अजून जिभेवर आहे. मुलंही गोड आहेत. थोरल्याला इब्राहिम नाव ठेवलंस, बाबांचं. त्याचे कान बाबांचेच आहेत. मी त्याच्या कानांकडे बघत राहिले तर तो लाजून आईमागे लपला. निघताना मबरुकानं तुझ्यामाझ्या आईसाठी लोकरीची शाल दिली. "तुमच्या काकूंना द्या," म्हणाली. मी घरी आणून आईच्या हातात ठेवली आणि स्फॅक्सच्या बाजारात घेतली म्हणून सांगितलं. आईनं ती उलटसुलट करून पाहिली, नाकाला लावली आणि कपाटात ठेवली. काही विचारलं नाही.

इथे तुझ्या विदादनं दार उघडलं तेव्हा तिच्या बोटांत सुई होती. कुणाच्या तरी लग्नाच्या रजया शिवतेय. "ट्युनिसचे खजूर आणलेस का?" एवढंच तिनं विचारलं; तिला वाटतं, मी खिद्रकाकीच्या सोबतीला स्फॅक्सपर्यंतच गेले होते. मी पिशवी पुढे केली आणि आत जाऊन तोंड धुतलं. तुला वाटतं त्यापेक्षा खोटं बोलणं जड जातं मला.

लमीस वर्गात पहिली आली. तू गेलास तेव्हा ती रांगत होती. तिला कुणी विचारलं की सांगते, तोफा चालू असताना बाबा गल्लीसाठी पाव आणायला गेले आणि परत आले नाहीत. 'गल्लीसाठी' हे तिनं स्वतःच घातलंय. आपण पाव घरासाठीच आणायचो.

आता कामाचं. दुकानात आपलं बोलणं अर्धं राहिलं, गिऱ्हाईक आलं आणि तुला सुटल्यासारखं झालं. तू म्हणालास, त्या सकाळी पाव आणायलाच निघाला होतास, बंदरावर सायप्रसची बोट सुटत होती, माणसं चढत होती, तूही चढलास. परत यायचंच होतं. ठीक. मग एक वर्ष गेलं, मग लाज वाटली, मग मबरुका आली. तेही ठीक म्हणते, बघ. मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. "विदादला मोकळी कर," एवढंच म्हटलं. "तलाकाचा कागद लिही, दोन साक्षीदार आण, खिद्रकाका इकडे पोचवतील."

"ती काय अडकून पडलीय का?" तू म्हणालास. "घर आहे, आई आहे, तू आहेस."

"ती बायको आहे का विधवा, हे तिला कुणी सांगू शकत नाही, भाऊ."

तू चहा ढवळत राहिलास. मग म्हणालास, "ह्या वयात तिला कोण नेणार आहे, बहीजा?"

विदाद माझ्याहून लहान आहे. शिवणाच्या वर्गात माझ्या शेजारी बसायची, मीच तिला आपल्या घरी आणलं, मीच आईला म्हटलं की हिला सून करून घे. तू गेलास त्या वर्षी माझंही लग्न मोडलं, ज्या घरात पुरुष नाही तिथली मुलगी नको म्हणाले ते लोक. माझ्या वयाबद्दल तू काही बोलला नाहीस, आभारी आहे.

निघताना तू म्हणालास, "तू मला पाहिलंच नाहीस असं समज." आणि मग मी दाराबाहेर रडायला लागले तेव्हा म्हणालास की कागद पाठवतो. ते दुसरं वाक्य मी धरून आले आहे. पाठव. विदादला कारण कळायची गरज नाही, मी काहीतरी सांगेन. तिला तू जिवंत आहेस हे मी माझ्या तोंडानं सांगणार नाही, ते काम तुझं आहे.

मबरुकाला माझा सलाम, पोरांना पापे.

तुझ्या कागदाची वाट पाहणारी,
बहीजा

⁂

त्रिपोली
११ जानेवारी १९९४

मिस्बाह,

सलाम. नोव्हेंबरातलं पत्र तुला मिळालं नाही, कारण ते मला मिळालं. पाकिटावर तुझं नाव, तांबट बाजार, त्रिपोली असं लिहून मी टपालात टाकलं होतं. लिबिया लिहिलं होतं की नाही, आता आठवत नाही. लिहिलं असेल तर पावसात पुसलं असेल. आपला पोस्टमन नबील ते घेऊन दुकानात आला. म्हणाला, "बहीजा, तू आपल्याच भावाला आपल्याच गल्लीत पत्र लिहिलंस? अल्ला त्याच्यावर दया करो, तुझं मन अजून मानत नाही ना." आणि डोळे पुसत गेला. पाकीट उघडलं नव्हतं, नशीब. त्यानं दोघाचौघांना सांगितलं, आणि आठवडाभर बाजारातल्या बायका माझ्याशी हळू आवाजात बोलत होत्या.

तेव्हा तेच पत्र ह्या पत्रासोबत खिद्रकाकांच्या हाती देते आहे. सावकाश वाच.

पण आता सावकाशीला वेळ राहिला नाही. तौफीक भट्टीवाल्यानं विदादला मागणी घातली आहे. तुला तो आठवेल, गल्लीच्या तोंडाशी त्याच्या बापाची पावाची भट्टी होती. लढाईत सगळे तळघरात असताना तो दारोदार पाव टाकून जायचा. लमीस तुझी म्हणून जी गोष्ट सांगते ती खरं तर त्याची आहे. त्याची बायको वारली, मूल नाही. स्वतः आला नाही, त्याची म्हातारी मावशी आली आणि आईशी बोलली.

विदाद आत स्वयंपाकघरात होती. मावशी गेल्यावर बाहेर आली आणि म्हणाली, "त्यांना नाही म्हणून कळवा. मी कुणाची आहे हे मलाच माहीत नाही, तर होय कुठल्या तोंडानं म्हणू?" मग तिनं भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

धर्माच्या कोर्टात विचारलं. काझीसाहेबांचा कारकून म्हणतो, नवरा मेल्याचा पुरावा आणा नाहीतर नवरा आणा. पुरावा माझ्याकडे नाही, आणि नवरा कुठे आहे हे ठाऊक असून तो आणता येत नाही.

रमजान सुरू व्हायच्या आत कागद पाठव. नाही पाठवलास तर मग मी काय करीन ते मला विचारू नकोस. आई बरी आहे. तिनं हल्ली ती शाल वापरायला काढली आहे.

बहीजा

⁂

त्रिपोली
१२ मार्च १९९६

मिस्बाह,

ईद होऊन गेली, तुला आणि तुझ्या घरच्यांना उशिरानं मुबारक. तुझा निरोप मिळाला.

खिद्रकाका इतके थकलेत की दुकानाची पायरी चढताना त्यांनी माझा हात धरला. पाणी प्यायले, मग तुझं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्या पुडीनं छातीत दगड साठलाय असं डॉक्टर म्हणतो. जिना चढवत नाही, चाकावर बसवत नाही, मबरुकाचे भाऊ दुकान बघतात आणि तुला दारात स्टुलावर बसवून ठेवतात. रात्री खोकून खोकून मुलांना उठवतोस. आणि तू येणार आहेस. वसंतात, समुद्र शांत झाला की. "आईला सांगा, मी येतोय," असं म्हणालास. "मला माझ्या त्रिपोलीत मरायचंय."

खोकला मला ठाऊक आहे. बाबांचा खोकला ह्याच भिंतीतून ऐकत मी मोठी झाले. म्हणून तुझा निरोप ऐकताना मला वाईट वाटलं, हे आधीच लिहून टाकते. पुढचं वाचताना ते लक्षात असू दे.

तू इथे मरू शकत नाहीस, मिस्बाह. तू इथे मेलेला आहेस.

मागच्या वेळी खिद्रकाकांनी तुला सांगितलं नाही, कारण मी त्यांना शपथ घातली होती. आता सांगते.

तू कागद पाठवला नाहीस. रमजान आला आणि गेला. खिद्रकाकांबरोबर तुझं उत्तर आलं होतं, तेही पाठ आहे मला. "विदाद माझी बायको आहे. उद्या मी परत आलो तर?" तुला परत यायचं नव्हतं, पण आलास तर बसायला जागा असावी म्हणून तू एक बाई अडवून ठेवलीस. बोटीवर चढणाऱ्या तुला मी माफ केलं असतं. भेदरलेला माणूस काहीही करतो. पण चहा ढवळत बसलेल्या तुला नाही.

त्या उन्हाळ्यात मी कोर्टात अर्ज दिला. साक्षीला मीच उभी राहिले. काझीसाहेब वयस्क, शांत गृहस्थ. त्यांनी कुराणावर हात ठेवायला लावला आणि विचारलं, "लढाईच्या वेळी तुमचा भाऊ कुठं होता?"

"त्रिपोलीत होता."

"त्यानंतर?"

"त्रिपोलीतच होता. तिथून कुठं गेला नाही."

लिहून घेतलं त्यांनी. ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं, तू तपासून बघ. त्यांनी आपली त्रिपोली धरली, मी दुरुस्त केली नाही. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवसानंतर तुम्ही त्याला पाहिलंत का?"

मी नाही म्हटलं. तूच सांगितलं होतंस ना, पाहिलंच नाही असं समज म्हणून. मी समजले.

हे पाप माझ्या मानेवर आहे, विदादच्या नाही. तिला आजही काही माहीत नाही. अल्लासमोर मी उत्तर देईन. तिथे तुलाही बोलावतील, तेव्हा तिथली त्रिपोली का इथली असं कुणी विचारणार नाही.

पण काझीसाहेबांना एका बहिणीचं म्हणणं पुरेसं वाटलं नाही. म्हणाले, आई हयात आहे तर तिला आणा. आईला मी काहीही सांगितलं नव्हतं. ती दहा वर्षं रोज पाचही नमाजांना तुझ्यासाठी दुआ मागत होती, सुखरूप परत येऊ दे म्हणून. ती उभी राहून सांगेल की माझा मुलगा जिवंत आहे, आईचं मन सांगतं, आणि सगळं तिथंच संपेल, असं मी धरून चालले. तरी तिला नेणं भाग होतं. उन्हाळ्याच्या दिवसांत ती लोकरीची शाल पांघरून आली. मी म्हटलं, "आई, उकडेल." तिनं ऐकलं नाही.

काझीसाहेबांनी तिला खुर्ची दिली. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "उम्म मिस्बाह, मिस्बाहच्या आई म्हणून सांगा, तुमच्या मुलाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

आई खुर्चीत बसली नाही. माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. म्हणाली, "त्रिपोलीत मला मुलगा नाही."

"म्हणजे तो गेला, असं तुम्ही म्हणता?"

"गेला."

काझीसाहेबांनी मान खाली घातली. कारकुनानं लिहिलं. दारापाशी विदाद भिंतीला टेकून उभी होती, ती तिथंच खाली बसली.

परत येताना विदाद लमीसला घेऊन पुढे गेली. आम्ही दोघी मागे. आई दर चार पावलांवर थांबत होती. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी बाकावर बसलो तेव्हा ती म्हणाली, "खिद्र आधी माझ्याकडेच आला होता."

मला कळेना.

"त्यानं मिस्बाहला पाहिलं, तेव्हा येऊन पहिल्यांदा मलाच सांगितलं. मीच त्याला म्हटलं, मला सांगितलंस हे बहीजाला कळू देऊ नकोस. तिला सांग, तिला घेऊन जा, तिला बघून येऊ दे. वाटलं होतं, तू त्याला घेऊन येशील." मग शाल खांद्यावर सारखी करत म्हणाली, "तू शाल घेऊन आलीस. स्फॅक्सला घेतली म्हणालीस. तेव्हाच मला समजलं की तो येणार नाही."

इतके दिवस आम्ही दोघी एका घरात, एका ताटात जेवत होतो आणि एकमेकींपासून तेच लपवत होतो. मी रडायला लागले, तर तिनं मला दटावलं, "पुरे. लोक बघतात." नंतर बऱ्याच वेळानं विचारलं, "पोरं किती त्याला?" मी सांगितलं दोन. नावं विचारली. इब्राहिम हे नाव ऐकून तिनं डोळे मिटले. "कान?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बाबांचे. त्या दिवसानंतर तिच्या दुआंमध्ये तुझं नाव आलं नाही. पोरांची यायची.

मग तीन दिवस आपल्या घरी दुखवटा होता. तुझा. बिनसाखरेची कॉफी मीच करत होते. सगळा तांबट बाजार आला, दुकानं बंद ठेवून. तुझ्याशी ज्याचं भांडण होतं तो कल्हईवालाही आला आणि म्हणाला, असा सज्जन माणूस पुन्हा होणे नाही. माणूस मेला की त्याचं किती भलं होतं, ते तुला बघायला मिळायला हवं होतं. सगळे येऊन आईचा हात हातात घेत होते आणि ती ताठ बसून प्रत्येकाला "अल्ला तुम्हाला आयुष्य देवो" म्हणत होती. जिवंत मुलाचं सांत्वन स्वीकारत होती ती, मिस्बाह. मी तिच्याकडे न बघता कॉफीचे पेले भरत होते.

आणि विदाद रडली. मला वाटलं होतं, ती सुटली म्हणून थोडी तरी हलकी होईल. तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बहीजा, तुला एक सांगू? मी इतकी वर्षं मनातून त्यांना शिव्या देत होते. मला वाटायचं ते मेलेले नाहीत, आम्हाला टाकून पळून गेलेत. कुठंतरी दुसरं घर करून बसलेत. रोज वाटायचं. आणि ते बिचारे तर पहिल्याच दिवशी गेले, पोरीसाठी पाव आणायला गेलेले. मी माणसाबद्दल काय काय विचार केला गं. ते मला माफ करतील का?"

मी काय म्हणायला हवं होतं? तिला इतकी वर्षं वाटत होतं ते तंतोतंत खरं होतं, आणि त्याबद्दल ती माझ्याकडे माफी मागत होती. मी म्हटलं, करतील. तुझ्या वतीनं मी तिला माफ केलं. तुझ्यासाठी केलेल्या सगळ्या कामांत मला सर्वात जड गेलं ते हे. कुराणावर हात ठेवण्यापेक्षाही जड. अजूनही ती दर शुक्रवारी तुझ्या नावानं दान करते. दुसऱ्याची बायको होऊन.

होय, लग्न झालं. विधवेनं थांबायची इद्दतची मुदत संपल्यावरही तिनं बरेच महिने घेतले, मग गेल्या वसंतात झालं. आईनं स्वतः तिला दारापर्यंत पोचवलं, सुनेला नव्हे, लेकीला पोचवावं तसं. तौफीक लमीसला 'माझी मुलगी' म्हणत नाही, 'मिस्बाहची मुलगी' म्हणतो, मान राखून. तुझा एक फोटो त्याच्याच घरात भिंतीवर आहे, लमीससाठी, आणि त्याची काच तो स्वतः पुसतो. लमीस आता वरच्या शाळेत आहे. तिला शिक्षिका व्हायचंय. विदादला दिवस गेले आहेत, ह्या उन्हाळ्यात बाळ येईल. ह्या वयात, बरं का.

आता तू विचार कर. तू बंदरावर उतरतोस. खोकत, काठी टेकत. बाजारातून येतोस, लोक ओळखतात. मग विदाद काय होते? तिच्या पोटातलं मूल काय होतं? तौफीक काय होतो? लमीसला काय सांगायचं, तिचे बाबा कुणासाठी पाव आणायला गेले होते? मी तुरुंगात जाईन, ते सोड, मला त्याचं काही नाही. पण तू एका माणसाच्या मरायच्या हौसेसाठी चार माणसं उभी चिरशील. एकदा तू न सांगता गेलास तेव्हा आम्ही ते सोसलं. न विचारता येणं आम्हाला सोसणार नाही.

आणि ज्या आईला तू येतोय म्हणून कळवलंस, ती नाही.

हे मी पत्राच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. तीनदा लिहायला घेतलं आणि दुसरंच लिहीत गेले. आई डिसेंबरात गेली. थंडी फार होती, ताप छातीत उतरला. गल्लीच्या भिंतीवर तिच्या नावाचा कागद लागला, 'मरहूम मिस्बाह यांची आई' असा. आपल्या बाबांशेजारी तिला ठेवलं. तौफीकनं खांदा दिला. मुलानं द्यायचा असतो तिथं तो उभा राहिला. विदाद शेवटपर्यंत तिच्या पायाशी बसून होती.

शेवटच्या दिवसांत तिला तहान फार लागायची. मी पाणी पाजत होते तेव्हा ती एकदम शुद्धीवर आल्यासारखी स्पष्ट बोलली. म्हणाली, "तो येईल. हातपाय थकले की येईल." मी म्हटलं, कोण, आई? तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. म्हणाली, "आला तर दार उघडू नकोस." मग डोळे मिटून पडली. मला वाटलं झोप लागली. पेला उचलून निघाले तर मागून म्हणाली, "पण उपाशी परत पाठवू नकोस."

मी तिला विचारायला हवं होतं की दार न उघडता कुणाला जेवू कसं घालायचं. नाही विचारलं. आता ते मी एकटीच घेऊन बसले आहे. तू दाराशी आलास तर ह्यातलं एक तरी मला मोडावं लागेल, आणि मला आईचं काहीच मोडायचं नाही. म्हणून येऊ नकोस.

खिद्रकाकांजवळ एक बरणी देते आहे. आईनं गेल्या वर्षी घातलेला संत्र्याच्या सालींचा मुरांबा आहे, तिच्या हातचा शेवटचा. खोकल्यावर बरा पडतो, बाबांना द्यायची. इब्राहिमला आणि धाकट्यालाही दे. त्यांना सांग की आजीनं केलाय, किंवा काय सांगायचं ते तू ठरव, तुला सुचतं. मबरुकाला सगळं खरं सांगून टाक. ती शाल शेवटपर्यंत आईच्या अंगावर होती, हेही सांग. बरणी परत पाठवायची गरज नाही.

वाऱ्यात बसू नकोस. पोरांना त्या चाकाजवळ जाऊ देऊ नकोस.

मरहूम मिस्बाह यांची बहीण,
बहीजा